आखूड धावपट्टी

मी आयुष्यभर विमानं उडवली असं कोणाला सांगितलं, की समोरचा आधी माझ्या साडीकडे पाहतो, मग चष्म्याकडे, आणि मग चाचरत विचारतो, "म्हणजे हवाई सुंदरी होतात का?" नाही हो. मी जमिनीवर घट्ट उभी राहून विमानं उडवली. हातात विमान चालवायचा रेडिओ, मान वर, आणि आकाशात चार-पाच फूट पंखांचं लाकडी विमान. कर्वेनगरला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर माझं दुकान होतं. तिथे बाल्साचं हलकं लाकूड, गोंद, इंजिनं, पंखे आणि सल्ला मिळत असे. पहिल्या चार गोष्टी लोक विकत नेत. सल्ला फुकट होता, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक नव्हतं.

"खेळण्यांचं दुकान का?" असं विचारणाऱ्याला मी शेजारच्या स्टेशनरीवाल्याकडे पाठवत असे. माझ्याकडची विमानं मिथेनॉलच्या इंजिनावर चालायची, स्कूटरपेक्षा जोरात जायची, आणि त्यांचा पंखा बोटाला लागला तर टाके पडायचे. खेळणं पडलं की मूल रडतं. हे पडलं तर माणूस दवाखान्यात जातो. म्हणून दुकान पोटापुरतं आणि खरं काम रविवारचं, मैदानावर शिकवण्याचं, असं मी मनाशी धरून चालले.

मी स्वतः कॉलेजात असताना एका छंदवर्गात शिकले. वर्गात मी एकटीच मुलगी. सर म्हणाले, "तुम्ही पंखांना कागद चिकटवा, उडवायचं मुलं बघतील." मी कागद असा चिकटवला की पंखाला कुठे सुरकुती नाही की पीळ नाही. माझं विमान तेवढं सरळ जायचं आणि मुलांची विमानं गोल गोल फिरून बाभळीत अडकायची. वर्ष संपेपर्यंत मुलं आपापले पंख घेऊन माझ्याकडे रांग लावायला लागली होती. सरांनी त्यावर कधी भाष्य केलं नाही. मी मात्र ती गोष्ट आजतागायत सांगत असते.

तेव्हा परदेशी इंजिन म्हणजे कोणाच्या तरी मेव्हण्याच्या बॅगेतून आलेलं रत्न. ते चिखलात पडलं तर घरात सुतक. पुढे देशाचे दरवाजे उघडले, कुरियरने खोकी यायला लागली, आणि मग शहरात संगणकवाले आले. त्यांच्याबरोबर पुण्यात एक अगदी नवी वस्तू आली, ती म्हणजे शनिवार. तोवर शनिवार हा कामाचा वार होता. आता अचानक हजारो तरुण माणसांना आठवड्याचे दोन दिवस मोकळे मिळाले आणि त्यांचं काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. त्यातले काही जण माझ्याकडे आले.

येरवड्याच्या बाजूला विमानतळ, त्यामुळे तिकडे रेडिओ हातात धरून उभं राहायचीही सोय नव्हती. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो, बिबवेवाडी मागे टाकून कोंढव्याच्याही पुढे. तिथे बबनराव नावाच्या गृहस्थांचं माळरान होतं. मी परवानगी मागायला गेले तेव्हा ते म्हणाले, "उडवा की ताई. ह्या खडकावर हुलगाबी येत न्हाई, इमानं तरी पिकू द्या." त्यांनी स्वतः दगड वेचून, रोलर फिरवून आम्हाला लांबलचक पट्टी करून दिली. कित्येक वर्षं तिथे आमची विमानं पिकली.

मग एका रविवारी बबनराव पट्टीच्या पश्चिम टोकाला उभे दिसले. "वाईट नका वाटून घिऊ ताई," ते म्हणाले. "हिकडचा तुकडा दिला. कम्प्युटरवाल्यांची मोठी बिल्डिंग व्हनार हाय." माझ्यामागे विमानं घेऊन उभे असलेले सगळे कम्प्युटरवालेच होते. ते एकमेकांकडे बघायला लागले. महिन्याभरात पट्टी मधोमध कापल्यासारखी तुटली आणि तिच्या टोकाशी विटांची भिंत उभी राहिली. भिंतीपलीकडे बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आल्या. रविवार त्यांचाही सुट्टीचा. पलीकडून भांड्यांचे आणि पोरांचे आवाज यायचे.

आता अडचण अशी, की वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो आणि विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उतरवतात. म्हणजे आमचं प्रत्येक विमान त्या भिंतीकडे तोंड करून उतरणार. पट्टी आखूड झाल्यावर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द आला, फ्लॅपरॉन.

हा काय प्रकार आहे ते सांगते, घाबरू नका. विमानाच्या दोन्ही पंखांच्या मागच्या कडेला, टोकांकडे, एकेक झडप असते. तिला एलेरॉन म्हणतात. एक वर गेली की दुसरी खाली जाते, आणि विमान एका अंगाला कलतं. मोठ्या विमानात पंखांच्या मुळाशी वेगळ्या झडपाही असतात, त्या फ्लॅप. उतरताना दोन्ही फ्लॅप एकदम खाली करतात. त्याने पंखाचा बाक वाढतो आणि विमान कमी वेगातही तरंगत राहतं. मग ते हळू येऊन थोड्या जागेत उतरतं. आमच्या छोट्या विमानांत एवढ्या झडपांना जागा नसते. म्हणून एकाच जोडीकडून दोन्ही कामं करून घ्यायची. कलायचं असेल तेव्हा त्या उलटसुलट हलतील, आणि रेडिओवरचा खटका खाली केला की दोन्ही एकदम खाली झुकतील. हे फ्लॅपरॉन. जुन्या रेडिओत हे जमत नसे. संगणकवाल्यांनी परदेशातून आणलेल्या नव्या रेडिओत ते दोन बटणांचं काम होतं.

आणि जे दोन बटणांत होतं ते माणूस विचार न करता करतो. अमेरिकेहून परतलेले एक लिमये म्हणून होते. त्यांचा रेडिओ माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या उपकरणांपेक्षा हुशार होता. त्यांनी झडपा जेवढ्या खाली जातील तेवढ्या नेऊन ठेवल्या. मी म्हटलं, "अहो, एवढ्या नको." ते म्हणाले, "मॅडम, मॅन्युअलमध्ये मॅक्सिमम दिलेलंच आहे ना?" मी म्हटलं, "तुमच्या गाडीच्या काट्यावरही मॅक्सिमम दिलेलं असतं. लक्ष्मी रोडवर तेवढी चालवता का?" त्यांना ते आवडलं नाही. उतरताना विमान माणसाच्या उंचीवर असताना त्याने एक पंख एकदम खाली टाकला, पाठीवर उलटलं आणि तसंच जमिनीत गेलं. लिमये बराच वेळ रेडिओच्या पडद्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "पण इथे तर सगळं ओके दाखवतंय."

लिमयांचं विमान ज्याने गेलं त्याला स्टॉल म्हणतात. त्याचा इंजिन बंद पडण्याशी काही संबंध नाही, हे मला दर रविवारी सांगावं लागे. धावत्या रिक्षातून तळहात बाहेर काढा आणि थोडा तिरका धरा. हवा हाताला वर उचलते. आणखी तिरका करा, आणखी उचलते. पण एका मर्यादेपलीकडे तिरका केलात की उचलणं थांबतं आणि हात नुसता मागे ढकलला जातो. पंखाचं तसंच. हवा पंखाची पाठ धरून वाहते तोवर तो पंख. तिने पाठ सोडली की ती फळी.

फ्लॅपरॉनची गोम अशी की त्या झडपा पंखाच्या टोकांकडे असतात. त्या खाली झुकल्या की टोकं हवेला जास्त तिरकी भिडतात, आणि सगळ्यात आधी एखादं टोकच दगा देतं. समजा डावा पंख खाली गेला. माणसाचा हात आपोआप रेडिओवरची दांडी, म्हणजे स्टिक, उजवीकडे नेतो, पंख उचलावा म्हणून. त्याने डावीकडची झडप आणखी खाली जाते, म्हणजे जे टोक आधीच सुटलंय ते आणखी तिरकं होतं, आणि विमान आणखी पडतं. वाचवायला केलेली हालचालच ते पाडते. अशा वेळी नाक खाली करायचं, इंजिनाला जोर द्यायचा आणि शेपटीची उभी झडप, म्हणजे रडर, वापरायची. पंखाला हात लावायचा नाही. बोलायला सोपं आहे. पण पडणाऱ्या वस्तूकडे हात न नेणं हे आईच्या पोटातून शिकून येत नाही, ते शिकवावं लागतं. मी ते शिकवत असे आणि त्याचा मला अभिमान आहे.

आमच्या मैदानावर त्यासाठी एक रीत होती. कुठलंही नवं विमान पहिल्यांदा उतरवण्याआधी उंचावर नेऊन मुद्दाम पाडून बघायचं. इंजिन मंद करायचं, नाक उचलत न्यायचं आणि ते कोणत्या अंगाला पडतं, किती पडतं, कसं सावरतं ते पाहायचं. बाहेरचे लोक यायचे आणि म्हणायचे, हे लोक एवढ्या मेहनतीने केलेलं विमान आपणच पाडतात! भिंत आल्यावर मी दुसरी रीत घातली. उडवण्याआधी मी विचारणार, "इंजिन बंद पडलं तर?" आणि उडवणाऱ्याने मोठ्याने सांगायचं, "अलीकडे." म्हणजे विमान वाचो न वाचो, ते भिंतीच्या आमच्या बाजूला पडलं पाहिजे. जो हे सांगायला लाजला, त्याला मी उडवू दिलं नाही. लिमये लाजले होते. ते पुढे क्रिकेटकडे वळले.

नीलेश ढोके यवतमाळकडचा. बिबवेवाडीला दोन खोल्यांत राहायचा आणि संगणकाच्या कंपनीत कामाला होता. पहिल्या दिवशी त्याने दुकानात एक बुटांचं खोकं उघडलं. आत लाकडी बरगड्या होत्या, पंखाच्या सांगाड्याच्या, लहान होत जाणाऱ्या, एकसारख्या घोटलेल्या. इतकं नितळ काम मी माझ्याशिवाय कोणाचं पाहिलं नव्हतं.

"कोणी कापल्या?"

"बाबांनी. शाळेत सुतारकाम शिकवत होते नं ते. मी नकाशा पाठवतो, ते कापून ट्रॅव्हल्सच्या बसने पाठवून देतात."

ते विमान जुन्या काळच्या एका लढाऊ विमानाची प्रतिकृती होतं. बाप तिकडे कापत होता, मुलगा इकडे जोडत होता. वडिलांच्या गुडघ्यांमुळे त्यांना पुण्याला येणं होत नव्हतं. बरीच वर्षं दोघांत फारसं बोलणं नव्हतं, असं नीलेशची बायको प्राजक्ता मला नंतर म्हणाली. आता रोज रात्री फोनवर गोंद आणि पॉलिशपेपर यांवर चर्चा चाले. "आमच्या घरी पाहुणे आले का मी सांगते, पलंगावर बसू नका, तिथं विमान झोपून राहिलं," ती म्हणाली. "पण यांचे बाबा फोनवर हसतात, मॅडम. मी सून होऊन एवढी वर्षं झाली, त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं."

विमान तयार झालं आणि त्याच सुमारास नीलेशला कंपनीने अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. ठरलं असं, की विमान उडवायचं, मग जाण्याआधी ते यवतमाळला नेऊन वडिलांच्या खोलीत टांगायचं. "उडालेलं पाहिजे म्हणतात बाबा," नीलेश म्हणाला. "नुसतं शोभेचं नको."

सुंदर विमान होतं. आणि मला पाहताक्षणी काळजी वाटली, कारण त्याचे पंख टोकाकडे निमुळते होते. असे पंख दिसायला देखणे आणि स्वभावाने तापट. पहिलं उड्डाण रिवाजाप्रमाणे मी केलं. उंचावर नेऊन फ्लॅपरॉनशिवाय पाडलं, तर ते जरासं नाक खाली करून सावरलं. फ्लॅपरॉन खाली करून पाडलं, तर डावा पंख असा काही टाकला की सावरेपर्यंत निम्मी उंची संपली. प्राजक्ताने डोळे मिटून घेतले. नीलेश मात्र बघत होता. "समजलं, मॅडम," तो म्हणाला. आम्ही ठरवलं, झडपा अगदी थोड्या झुकवायच्या, त्याही वेग उतरल्यावर आणि पंख सरळ असतानाच. वेग असताना खटका दाबला तर विमान लिफ्टमध्ये बसल्यासारखं वर जातं, मग वर गेल्यावर वेग संपतो, आणि ते तिथून पडतं. नीलेश बरेच रविवार माझ्या जुन्या शिकाऊ विमानावर फ्लॅपरॉन आणि रडर घोटत राहिला. त्याचे हात वडिलांचेच होते. घाई नाही, थरथर नाही.

जाण्याआधीच्या त्याच्या शेवटच्या रविवारी वारा पश्चिमेचा, बेताचा होता. मी नेहमीचा प्रश्न विचारला, त्याने मोठ्याने "अलीकडे" म्हटलं. उड्डाण असं झालं की गप्पा मारणारे गप्प झाले. त्या विमानाने दोन मोठी वर्तुळं घेतली, एक सावकाश गिरकी घेतली, आणि उन्हात त्याचे पंख कागदासारखे उजळून निघाले. प्राजक्ता मोबाइल कानाला लावून यवतमाळला सांगत होती, "हो बाबा, वरच आहे. हो, हो, सरळ जाऊन राहिलं."

उतरण्यासाठी ते पूर्वेकडून वळलं आणि इंजिन खोकलं. पुन्हा एकदा खोकलं आणि बंद पडलं. पंखा उभाच्या उभा थांबलेला मला दिसला.

नीलेशने जे करायचं तेच केलं. वळणात वेग गेला तर टोक दगा देणार, म्हणून त्याने नाक खाली ठेवलं. वळण देखणं झालं. पण त्या गुळगुळीत, वाऱ्याला कुठेच न अडणाऱ्या विमानाचा वेग काही कमी होईना. ते पट्टीवर आलं तेव्हा माणसाच्या उंचीवर होतं आणि सरळ भिंतीकडे निघालं होतं. जुनी पट्टी असती तर ते आरामात टेकून, धावून, थांबलं असतं. आता ती जागा नव्हती. इंजिन असतं तर जोर देऊन वर नेता आलं असतं. तेही नव्हतं.

मी त्याच्या शेजारी उभी होते. त्याचं बोट फ्लॅपरॉनच्या खटक्यावर गेलेलं मी पाहिलं. तो खटका दाबला असता तर विमान नक्की उचललं गेलं असतं. भिंत ओलांडली असती. कदाचित पलीकडे कुठे तरी मोकळ्यावर धडही उतरलं असतं. ते "कदाचित" त्यालाही दिसत होतं आणि मलाही. ओरडून सांगायला माझ्याकडे एका शब्दापुरता वेळ होता, आणि मी तो शब्द उच्चारला नाही. हात त्याचे होते. शिकवणाऱ्याला कधी तरी तोंड मिटून बघावंच लागतं.

बोट खटक्यावरून बाजूला झालं. मग त्याने स्टिक पुढे दाबली, पार टोकापर्यंत. विमानाने नाक खाली घातलं आणि ते भिंतीच्या अलीकडे खडकात गेलं. एक पंख मोडून वर उडाला, शेपूट उलटी झाली, आणि लाकूड मोडण्याचा तो कोरडा आवाज आला.

प्राजक्ताच्या हातातला फोन तसाच चालू होता. माझे पुष्कळ शिष्य आज मोठमोठी विमानं मऊ उतरवतात, स्पर्धा जिंकतात, मला फोटो पाठवतात. मला सगळ्यांचं कौतुक आहे. पण कोणाचं उतरणं सर्वांत चांगलं होतं, असं कोणी विचारलं, तर मी हेच सांगते.

नीलेशने रेडिओ खाली ठेवला. विमानाकडे तो बघतही नव्हता. "मॅडम, पलीकडं काही गेलं का?" त्याने विचारलं. "पंखा वगैरे? एखादा तुकडा?"

मी साडी खोचली आणि विटांच्या थप्पीवर चढून भिंतीवरून डोकावले. पत्र्याच्या भिंतीला आरशाचा तुकडा लावून एक माणूस दाढी करत होता. कोणीतरी भाकऱ्या थापत होतं. आणि भिंतीला अगदी लागून, आमच्या पट्टीच्या सरळ रेषेत, दोन बांबूंना साडीची झोळी बांधलेली होती. झोळीतून एवढासा पाय बाहेर आलेला. शेजारी बसलेल्या बाईने मान वर करून मला पाहिलं. मी काही बोलणार, तोच तिने ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ता कुठं निजलंया," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आवाज करू नका, बाई."

मी खाली उतरले. सगळे माझ्याकडे बघत होते.

"पलीकडे बाळ झोपलंय," मी नीलेशला सांगितलं. "त्याच्या आईने सांगितलंय, आवाज करू नका."

मग त्याने प्राजक्ताच्या हातातून फोन घेतला, तोंडाशी हात धरून कुजबुजत म्हणाला, "बाबा, थांबा जरा, हळू बोलू," आणि आम्ही सगळे जण वाकून, एक शब्द न बोलता, विमानाचे तुकडे वेचायला लागलो.